प्युअर डेटामध्ये दोन स्लायडर जोडताना

प्युअर डेटा या खोके तारांनी जोडून आवाज घडवायच्या प्रोग्राममध्ये दोन स्लायडर एकमेकांना सरळ तारांनी दोन्ही बाजूंनी जोडू नका. पहिला दुसऱ्याला आकडा देतो, दुसरा तोच परत पाठवतो, आणि क्षणात कन्सोलमध्ये (सूचनांच्या खिडकीत) 'स्टॅक ओव्हरफ्लो', म्हणजे न संपणाऱ्या फेऱ्याची चूक, येतो. परतीच्या वाटेवर मेसेज बॉक्स टाका, त्यात 'सेट $१' (set $1; $१ म्हणजे आत आलेला आकडा). सेट आलं की स्लायडर सरकतो, पण आकडा पुढे देत नाही. फेरा तिथेच तुटतो. मात्र त्यामुळेच, आवाजाकडे जाणारी तार दुसऱ्या स्लायडरमधून न्यावी लागते; दुसरा हलवला तर पहिला आकडा पुढे देत नाही. हे हमखास विसरलं जातं.

स्लायडरची मूळ मर्यादा ० ते १२७ असते. प्रॉपर्टीजमध्ये ती ० ते १०० करा, मग 'डीबी-टू-आरएमएस' (dbtorms) जोडा; तो डेसिबलचा आकडा आवाजाच्या पटीत बदलतो. इथे १०० म्हणजे मूळ पातळी, ० म्हणजे शांतता. पुढे 'पॅक ० २०' (आकड्याला २० ची जोड देणारा) आणि 'लाइन~' (नव्या आकड्यापर्यंत हळूहळू नेणारा): २० मिलिसेकंदांचा उतार मिळाला की सरकवताना खरखर होत नाही.

तारांचं जाळं वाढलं की सेंड-रिसीव्ह वापरा, म्हणजे तारेऐवजी नावाने आकडा पाठवा. अ‍ॅबस्ट्रॅक्शनमध्ये, म्हणजे वेगळ्या फाइलमध्ये ठेवून अनेकदा वापरायच्या भागात, नावाआधी '$०-' (प्रत्येक प्रतीचा वेगळा क्रमांक) हवंच, नाहीतर एक प्रत हलवली की सगळ्या हलतात. मेसेज बॉक्समध्ये मात्र $० चालत नाही.