पहाटे हायवेवर गाड्या कमी असूनही धूर जास्त का जाणवतो? तिथे फ्लॅट घ्यावा का?

पुण्यातल्या कात्रज–देहूरोड बायपासपासून दीडशे मीटरवरचा फ्लॅट तुम्ही बघताय, आणि पहाटे सहाला गाड्या कमी असूनही धुराचा वास दुपारपेक्षा जास्त का येतो, असं विचारलंय. मी वारज्यात याच रस्त्याजवळ नऊ वर्षं राहतो. वडिलांना दमा आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्या घरातलाच.

नुसत्या गाड्या मोजून प्रदूषण कळत नाही. धुराला वर जायला किती जागा मिळतेय, हे पाहावं लागतं. हिवाळ्यात रात्री जमीन गार पडते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. त्यात पुणे टेकड्यांच्या मध्ये वसलेलं. मग थोड्या गाड्यांचा धूरही खालीच कोंडतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि नऊ-दहापर्यंत झाकण उचललं जातं.

लॉस एंजेलिसमध्ये हे मोजलेलं आहे. तिथल्या ४०५ क्रमांकाच्या फ्रीवेवर दिवसा वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटर गेलं, की वाहनांचे अतिसूक्ष्म कण आसपासच्या हवेइतकेच उरत होते. पुढे तिथेच सांता मोनिकाजवळ दुसऱ्या फ्रीवेवर सूर्योदयापूर्वी मोजणी झाली. वाहतूक दिवसापेक्षा बरीच कमी, तरी कण दोन किलोमीटरच्याही पुढे पोचलेले!

वाऱ्याचं म्हणाल, तर पावसाळ्यात तो पश्चिमेकडून जोरात येतो, म्हणजे रस्त्याच्या पूर्वेकडच्या घरांवर धूर जातो. पण तो लवकर विरतो आणि पाऊस हवा धुतो. हिवाळ्याच्या पहाटे वारा पडलेलाच असतो. तेव्हा कुठलीच बाजू सुटत नाही.

गाडीगाडीतही फरक आहे. नवले पुलाकडून कात्रजच्या नव्या बोगद्याकडे चढ चढणारा, माल भरलेला एक जुना ट्रक कितीतरी मोटारींना भारी पडतो. एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ (धुराचे जास्त कडक निकष पाळणाऱ्या) आल्या हे चांगलंच झालं, पण जुने ट्रक अजून रस्त्यावर आहेत, आणि ब्रेक-टायरची धूळ इंजिन बदलून जात नाही.

वडील आधी सहाला सर्व्हिस रोडवर फिरायला जायचे. आता हिवाळ्यात ते संध्याकाळी पाचला, आतल्या गल्लीतून जातात, आणि सकाळी नऊपर्यंत आम्ही रस्त्याकडच्या खिडक्या उघडत नाही. हा बदल केला त्या वर्षी त्यांना दम्याचा पंप कमी लागला.

तुमच्या फ्लॅटचं सांगायचं तर कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने २००५ मध्ये मोठ्या फ्रीवेपासून ५०० फुटांच्या आत नवी घरं-शाळा टाळा, असा सल्ला दिला होता. ५०० फूट म्हणजे तुमचे दीडशे मीटरच. घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर मी आणखी आत घर शोधेन. तसं कोणी नसेल आणि हाच घ्यायचा असेल, तर बेडरूम रस्त्याच्या विरुद्ध बाजूला आहेत का ते बघा आणि टोकन देण्याआधी जानेवारीत एकदा पहाटे सहाला त्या बाल्कनीत अर्धा तास उभे राहा.