घरात दोन भाषा असल्यामुळे मुलगी उशिरा बोलते का?

ताई, मुलगी 22 महिन्यांची, चारच शब्द बोलते आणि सासूबाई म्हणतात की तुझी माहेरची कानडी बंद कर, लेकरू गोंधळतंय, असं तुम्ही लिहिलंय. कानडी बंद करू नका.

मी उदगीर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. इथं घरी कानडी, लमाणी, उर्दू बोलणारी कितीतरी लेकरं येतात. दोन भाषांमुळे लेकरू मुकं राहत नाही. एका वाक्यात दोन्हींची सरमिसळ होते, ती होऊ द्या. शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजा. आणि ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, तीच बोला. अडखळत मराठी बोलायला लागलात तर तुमचं तिच्याशी बोलणंच कमी होईल.

पण ‘पोरगी आहे, बोलेल हळूहळू’ म्हणून थांबूही नका. दोन वर्षांच्या आसपास लेकरं ‘आई दे’, ‘दूध नको’ असे दोन शब्द जोडतात. चार शब्द कमी आहेत, म्हणून आधी कान तपासून घ्या. ताट वाजवल्यावर वळते म्हणजे ऐकू येतं, असं घरोघर समजतात. मोठा आवाज कळणारं लेकरूही बोलण्यातले बारीक आवाज हुकवू शकतं, सतत सर्दी असेल तर कानात पाणी साचूनही तसं होतं. बेरा नावाची तपासणी लेकरू झोपलेलं असताना डोक्याला तारा चिकटवून करतात, दुखत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, पण त्याची वाट बघू नका. तुमच्या सेविकेला किंवा आशाताईला सांगून जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, म्हणजे लेकरांचं ऐकणं-बोलणं तपासतात त्या सरकारी केंद्राची, चिठ्ठी घ्या.

घरी वेगळा तास काढायची गरज नाही. भाकरी थापताना तिला समोर बसवा, तोंड दिसू द्या आणि हातातलं काम सांगत राहा: पीठ घेतलं, पाणी ओतलं, आता भाकर फुगली. ती ‘पाणी’ म्हणाली की तुम्ही ‘गार पाणी पाहिजे?’ म्हणा. ‘हे म्हण, ते म्हण’ असा आग्रह नको. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते थांबणं: काही विचारलं की मनात पाच आकडे मोजा. आपण घाईनं तिचं उत्तर आपणच देऊन टाकतो. रोजचं बडबडगीत शेवटच्या शब्दाआधी सोडा आणि तिच्याकडे बघा. नुसता आवाज काढला, बोट दाखवलं, तरी ते उत्तर धरा.

जेवताना मोबाईल मात्र बंद. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये एक वर्षाच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन वर्षांपर्यंतही टाळा, असंच सांगितलंय. गाणी लागतात, पण मोबाईल तिच्या उत्तरासाठी थांबत नाही.

जिभेला वेखंड चोळून काही होत नाही. जिभेखालचा दोरा कापा म्हणणारेही भेटतील. दोरा आखूड असला तर फार तर उच्चार बोबडे होतात, शब्दच न येण्याचं कारण सहसा तो नसतो.

ती नावानं हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आधी येणारे शब्द बंद झाले असतील, तर या आठवड्यातच जा. जाताना घरी खेळतानाचा तिचा व्हिडिओ सोबत न्या, डॉक्टरांपुढं लेकरं गप्प बसतात.