आधी चौधारी, बाकीचं पुढच्या वर्षी

यंदा लावायच्या भाज्यांची यादी मोठी आहे तुमची! पहिल्या हंगामात चौधारी (चार धारांच्या शेंगांचा वेल) आणि घोळ ही पालेभाजी, एवढ्यावरच थांबा. घोळीचं बी मातीवर नुसतं भुरभुरायचं, गाडायचं नाही. त्याला रुजायला उजेड लागतो. तिचं काम तिथंच संपलं.

चौधारी जरा हट्टी. बी टणक असतं, म्हणून सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजत घाला. मांडव भक्कम हवा, वेल ३-४ मीटर सहज चढतो. शेणखत बेतानंच घाला: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र मिळवून देतात, वर खत जास्त झालं की नुसता पाला माजतो. महिनोन्महिने फूल दिसलं नाही तरी धीर धरा, दिवस लहान होऊ लागल्यावरच कळ्या धरतात. शेंगा कोवळ्याच तोडा, जून झाल्या की चरबट लागतात. दोन-चार मात्र बियाण्यासाठी वेलावरच वाळू द्या.

मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला तर आधी पाण्याचा जोरदार फवारा, नाहीच हटला तर संध्याकाळी निंबोळी अर्क.

यादीतला कारंदा, म्हणजे वेलावर येणारा कंद, सध्या नकोच. त्याचे काही रानटी प्रकार विषारी असतात. जाणकाराकडून खात्रीचा कंद मिळाला, तरच लावा.