आई गावात, आपण दूर: पहिला फोन कुणाला?

प्रश्न: माझी आई ७४ वर्षांची. वैभववाडी तालुक्यातल्या घरी एकटीच असते, मी बंगळूरला नोकरीला. गेल्या रविवारी सकाळी शेजारच्या काकूंचा फोन आला: आईचं तोंड वाकडं झालंय, जीभ जड पडलीय. दहा मिनिटांत ती सावरली, "चक्कर आली गो" म्हणाली. मी तासभर न्यूरॉलॉजिस्टांना फोन लावत बसले. शेवटी कोल्हापूरच्या एका डॉक्टरांची आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. तोवर थांबू का? आणि पुन्हा असं झालं तर इथून मी काय करायचं?

उत्तर: ताई, थांबू नका. हे सांगायला तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी आईंना दाखवलंत, फार बरं झालं. इथे लिहितोय ते बाकीच्या लेकी-मुलांसाठी.

ती चक्कर नव्हती. मेंदूचा रक्तपुरवठा काही वेळ अडला आणि सुटला. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, त्याची ही आगाऊ सूचना. खरा झटका यायचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून रक्तदाब, साखर, ईसीजी, मानेच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी लगेच व्हावी लागते. माणूस बरा दिसतोय म्हणून सगळे निर्धास्त होतात, तिथेच फसतात.

कणकवलीत मी ३१ वर्षं दवाखाना चालवला. एका आजींना पहाटे वारं गेलं. मुलगा दुबईत. त्याने दिवसभर फोन करून मुंबईतला नावाजलेला डॉक्टर ठरवला, दुसऱ्या दिवशीची गाडी ठरवली. त्याच्या धडपडीत काही खोट नव्हती. पण तोवर घरात आजींच्या हाताला तेल चोळणं चाललं होतं. पुढे त्या डाव्या हाताने पेज प्यायला शिकल्या; उजवा हात मांडीवर ठेवलेला असायचा, कुणीतरी ठेवला तसाच.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे पाहून. तेव्हा पहिला शोध मोठ्या डॉक्टरचा नको. रात्री दोनला सीटी चालू असतो आणि हे इंजेक्शन देतात, असं जवळचं इस्पितळ कोणतं, ते आजच फोन करून विचारून ठेवा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज सोयीचं. तुमच्याकडून कोल्हापूर, पण करूळ घाट पावसात दरड आली की बंद. घाट सुरू आहे की नाही हे गावातल्या गाडीवाल्याला ठाऊक असतं. त्याचा नंबर तुमच्याकडे हवा.

१०८ बंगळूरहून लावू नका, तो कर्नाटकात लागेल. तो काकूंनीच लावायचा, पहिला. मग तुम्हाला फोन.

काकूंना एवढं सांगून ठेवा: आई शेवटच्या धडधाकट कधी दिसल्या ते घड्याळ बघून लक्षात ठेवायचं. झोपेतून उठतानाच त्रास दिसला, तर रात्री झोपायला गेल्या ती वेळ धरायची. पाणी, चहा, गोळी, काहीही तोंडात घालायचं नाही. अ‍ॅस्पिरिनही नाही, कारण रक्तस्राव असला तर ती घात करते. जिभेखाली बीपीची गोळी तर मुळीच नको. घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर बघायची; ती फार उतरली तरी माणूस असाच दिसतो.

तुम्ही तिकडून करायचं ते इस्पितळाला फोन: "पेशंट निघालाय, अमुक वाजता सुरू झालं, या गोळ्या चालू आहेत." रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगा. पैशांचं म्हणाल तर सत्तरी ओलांडलेल्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढा, आणि ठरवलेलं इस्पितळ योजनेत आहे का तेही विचारा.

कार्ड, गोळ्यांची चिठ्ठी, जुना ईसीजी एका पाकिटात घालून दाराजवळच्या खुंटीला लावा. काकूंना ते एकदा हातात घेऊन दाखवा. गणपतीला घरी जाल तेव्हा नको, येत्या शनिवारीच जाऊन या.