डोंगरमाथ्यावरच्या रिसॉर्टला एका दिवसात जाऊन येणं जमतं का, की नुसतीच दगदग होते?

तुम्ही विचारलंय की वर रोपवेने जायचंय, सोबत सत्तरीचे आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी, मुक्काम करायचा नाही, तर एका दिवसात व्ह्यू वगैरे नीट बघून होतो का. होतो की. आरामात होतो. पण सगळा खेळ तुम्ही वर किती वाजता पोचता यावर आहे, आणि हे मी स्वतः फजिती करून घेऊन शिकलेय.

पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा सुट्टीच आहे म्हणून निवांत उठलो, आवरता आवरता उशीर, मग पार्किंग, मग तिकिटाची लाइन, मग रोपवेची लाइन, असं करत करत वर पाय ठेवला तेव्हा साडेबारा वाजून गेलेले. वर काय होतं? पांढरं. रेलिंगला टेकून उभं राहिलं की जिथे दरी दिसायला हवी तिथे कुणीतरी ओली चादर वाळत घातल्यासारखं नुसतं पांढरं, आणि शेजारी एक पाटी जिच्यावर समोरच्या शिखरांची नावं आणि बाण काढलेले. आम्ही त्या पाटीचेच फोटो काढले, दुसरं काही नव्हतंच. बाबा म्हणाले, यापेक्षा आपल्या गच्चीवरून जास्त दिसतं.

नंतर जरा वाचलं, वरच्या एका गार्डकाकांशी बोलले, तेव्हा कळलं की यात नशिबाचा भाग कमी आणि घड्याळाचा जास्त. रात्री थंड झालेली हवा जड होते आणि उतारावरून घसरत खाली दरीत जाऊन बसते, त्यामुळे सकाळी धुकं असलंच तर बऱ्याचदा खाली असतं आणि माथा मोकळा. ऊन चढलं की उतार तापतात, मग तीच दमट हवा उताराला धरून वर सरकायला लागते, वर जाता जाता गार होते, तिचे ढग होतात आणि ते नेमके तुम्ही तिकीट काढून जिथे उभे असता तिथेच येऊन थांबतात. रोजच असं होतं असं नाही, मोठा पाऊसपट्टा आला असेल तर सकाळ काय नि दुपार काय, पण हवा ठीकठाक असेल त्या दिवशी हेच होतं.

दुसऱ्या वेळी हट्टाने पहिल्याच केबिनमध्ये बसलो. निम्म्या वाटेपर्यंत धुकंच धुकं, काचेवरून पाणी ओघळतंय, बाहेर काही दिसत नाही, भाची हळूच विचारतेय की आत्या आपण थांबलोय का चाललोय, आणि एकदम केबिन धुक्यातून वर आली तर लख्ख ऊन आणि खाली पिंजलेल्या कापसासारखा ढग पार लांबपर्यंत, मधूनमधून शेंडे वर आलेले. त्या ढगावर आमच्या केबिनची सावली पडली होती आणि सावलीभोवती रंगीत गोल कडं! आपले ट्रेकर लोक ज्याला इंद्रवज्र म्हणतात ना, तेच. सूर्य पाठीशी हवा आणि ढग समोर किंवा खाली, मग बारीक थेंबांवरून परत फिरलेल्या उजेडाचं हे कडं दिसतं. गंमत म्हणजे भाची म्हणे कड्याच्या मधोमध मी आहे, मी म्हणे मी आहे, आणि दोघी बरोबर होतो कारण ज्याला त्याला ते स्वतःच्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं. सव्वादहाला खालून ढगाचे पुंजके वर यायला लागले, अकरापर्यंत पाटीवरची निम्मी शिखरं गायब.

म्हणून वर गेल्या गेल्या आधी व्ह्यूपॉइंट. लोक बरोब्बर उलटं करतात, पैसे भरलेत म्हणून आधी राइड्स, गेम झोन, दुकानं, आणि 'व्ह्यू काय, तो कुठे पळून जातोय' म्हणून शेवटी तिकडे. तर तोच पळून जातो! छपराखालच्या राइड्सना ढगाचं काही सोयरसुतक नसतं, त्या दुपारी करा.

किती लांबचं दिसेल हे सांगणं अवघड. नुसतं गणित केलं तर आजूबाजूच्या सपाटीपेक्षा १००० मीटर उंच उभं राहिलं की क्षितिज साधारण ११३ किलोमीटरवर जातं, पण प्रत्यक्षात धूळ आणि हेझ, म्हणजे हवेतला धुरकटपणा, त्यातलं बरंचसं खाऊन टाकतात. आदल्या दिवशी पाऊस पडून हवा धुतली गेली असेल तर मात्र सोनं. आणि पायथ्याच्या गावाचं हवामान बघून निघू नका, त्याचा वरच्याशी फार संबंध नसतो. बऱ्याच ठिकाणी माथ्यावर लाइव्ह कॅमेरा लावलेला असतो, घरातून निघायच्या आधी तो उघडा, पांढरं दिसलं तर प्लॅन बदला.

कपड्यांचं म्हणाल तर दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली ३० असेल तर १५०० मीटर वर गेल्यावर विशीच्या आसपास, वर वारा वेगळा. एक पातळ जॅकेट प्रत्येकाला हवंच. आणि गार वाटतंय म्हणून ऊन लागत नाही असं समजू नका, अतिनील किरणं दर १००० मीटरला दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. माझ्या नाकाची साल निघाली होती, घरी सगळे आठवडाभर हसत होते.

आता आईवडील. आधी त्या जागेची उंची बघा, कारण 'एका दिवसात जाऊन या' हे मलेशियातल्या गेंटिंगबद्दलही म्हणतात आणि स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखबद्दलही, पण पहिलं साधारण १८०० मीटरवर आहे आणि दुसरं ३४५४ मीटरवर. साधारण २५०० च्या वर उंचीचा त्रास होऊ शकतो, आणि रोपवे किंवा ट्रेन एवढ्या पटकन वर नेते की शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. हळू चाला, पाणी प्यायला लावा, आणि डोकं दुखायला लागलं, मळमळलं, धाप लागली तर 'आलोच आहोत तर थोडं थांबू' करत बसू नका, खाली उतरणं हाच उपाय. हृदयाचं किंवा दम्याचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. त्याहूनही जास्त लोकांचं जे चुकतं ते म्हणजे पायऱ्या. डोंगरावर सपाट जागा कुठून असणार, 'व्ह्यूपॉइंट पाच मिनिटांवर' लिहिलेलं असतं आणि त्या पाच मिनिटांत शंभर पायऱ्या निघतात, आणि गुडघ्यांना उतरतानाच जास्त जातं. फोन करून लिफ्ट किंवा व्हीलचेअर आहे का ते विचारून घ्या.

मुलीचे कान बंद होतील, तिला सारखं काहीतरी चघळायला किंवा घोट घोट पाणी द्या, गिळलं की कान सुटतात. सर्दी असेल तर मात्र खाली येताना कान खूप दुखतात, तेव्हा ट्रिप पुढे ढकललेली बरी. आणि तिच्यासाठी एक गंमत: माथ्यावर प्लास्टिकची रिकामी बाटली घट्ट झाकण लावून पिशवीत टाका. खाली येईपर्यंत ती आपोआप चेपते, कारण तिच्यात वरची विरळ हवा असते आणि खाली बाहेरचा दाब जास्त. आमच्या केबिनमध्ये टक्कन आवाज आला तर सगळे दचकले.

परतीचं सांगते. शेवटची केबिन किती वाजता आहे ते वर जायच्या आधी विचारा आणि तिथून दोन तास मागे या, ती तुमची निघायची वेळ. सोसाट्याचा वारा सुटला किंवा विजा चमकायला लागल्या की रोपवे थांबवतात आणि थांबवायलाच हवा. सूर्यास्त बघायचा मोह होतो, पण तो बघून सगळा डोंगर एकदमच खाली उतरायला निघतो. आम्ही तसं केलं आणि आई दीड तास गार पायरीवर बसून होती, बसायला खुर्ची नाही, कुणी काही सांगायला नाही, ज्येष्ठांसाठी वेगळी लाइन असल्याची पाटी होती, लाइन नव्हती. सतत फिरणाऱ्या छोट्या केबिन असतील तर रांग निदान सरकत तरी राहते, दोनच मोठ्या केबिन आळीपाळीने वरखाली करत असतील तर एक गठ्ठा गेला की मग नुसतं उभं राहायचं. गाडीने उतरणार असाल तर खालच्या गिअरमध्येच उतरा, सारखा ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि नीट लागेनासा होतो.

आणि आईंना उंचीची भीती वाटत असेल तर केबिनमध्ये त्यांना दरीकडे पाठ आणि डोंगराकडे तोंड करून बसवा, जाताना पण आणि येताना पण, डोळ्यांसमोर जवळची झाडं राहतात. माझी आई तशीच बसली होती, वर पोचेपर्यंत कुणाच्या पायातले बूट कसे आहेत तेच बघत होती, उतरल्यावर म्हणाली, झालं एवढंच?