टूल फुकट, पण मॉडेल कुठं चालवणार?

प्रश्न : मी तासगावची. सांगलीत कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरची द्राक्षबाग आहे, म्हणून प्रोजेक्टला फवारणीच्या नोंदींचं ॲप घेतलंय. दर महिन्याला पैसे भरून कोड लिहायला मदत करणारा एआय असिस्टंट परवडत नाही. ओपन सोर्समधलं कंटिन्यू, क्लाइन की एडर घेऊ? लॅपटॉपची रॅम 8 जीबी आहे. आणि याची सवय लागली तर कॅम्पस इंटरव्ह्यूत अडचण येईल का?

उत्तर : तू लिहिलेली तिन्ही नावं टूल्सची आहेत. तिन्ही अपाची 2.0 लायसन्सखाली, म्हणजे फुकट. पण कोड सुचवतं ते मॉडेल, आणि ते वेगळं घ्यावं लागतं. एक तर स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायचं, नाहीतर एपीआयवरून, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीचं मॉडेल वापरून, टोकनच्या (मजकुराच्या तुकड्यांच्या) हिशेबाने पैसे मोजायचे. क्लाइन चांगलं आहे, प्रत्येक बदलाआधी परवानगीही मागतं. पण ते फायलींवर फायली वाचून मॉडेलकडे पाठवतं, आणि बिल तिथंच फुगतं. तुझ्या बजेटला ते सध्या नको.

लॅपटॉपवर मॉडेल चालवणाऱ्या ओलामा या टूलवर क्वेन 2.5 कोडरचं 7बी मॉडेल (बी म्हणजे अब्ज पॅरामीटर, मॉडेलचा आकार) साधारण पावणेपाच जीबीचं आहे. ब्राउझर आणि कोड लिहायचा एडिटर व्हीएस कोड उघडे असताना 8 जीबीत ते रडतखडत चालेल. 1.5बी जेमतेम एक जीबीचं. ते कंटिन्यूला जोड. ओळी पुऱ्या करून देईल, अख्खा मोड्यूल मागू नकोस. मधलं 3बी मोहात पाडेल, पण त्याचं लायसन्स संशोधनापुरतं आहे. पुढं ॲप विकायचं मनात असेल तर त्या वाटेला जाऊ नकोस.

मोठ्या कामाला एडर वापर, एपीआयवर थोडेच पैसे टाकून. ते प्रत्येक बदलाचा गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये) कमिट करतं, म्हणजे नोंद करतं. डिफ, म्हणजे नेमकं काय बदललं ते, वाच; पटलं नाही तर अनडू कर. शिकणाऱ्यासाठी मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

इंटरव्ह्यूचं म्हणशील, तर ॲपचा गाभा स्वतः लिही. तुझ्या ॲपचा गाभा म्हणजे पीएचआयचा, म्हणजे फवारणी आणि काढणी यांच्यात किमान किती दिवस जायला हवेत याचा हिशेब. समज, 10 जानेवारीला 40 दिवस पीएचआयचं औषध मारलं आणि 25 जानेवारीला 15 दिवसांचं. शेवटच्या फवारणीवरून मोजलं तर काढणी 9 फेब्रुवारीला येते. खरी तारीख 19 फेब्रुवारी, कारण पहिल्या औषधाची मुदत तेव्हा संपते. असिस्टंट ही चूक करू शकतो, आणि कोड बिनतक्रार चालतोही! तुझे वडील मात्र ती बघताक्षणी पकडतील. हे फंक्शन आणि त्याच्या टेस्ट तू लिही, तारखा त्यांच्याकडून तपासून घे. मुलाखतीत प्रोजेक्टबद्दल विचारलं की हेच सांग.

इंटर्नशिपला गेलीस तर कंपनीचा कोड बाहेरच्या एपीआयला पाठवण्याआधी विचारून घे.

नवा लॅपटॉप आत्ता नको. आहे त्यात रॅमचा स्लॉट रिकामा आहे का, की रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे, हे आधी दुकानात उघडून बघून घे. वाढवता आली तर 16 जीबी कर, मग 7बी नीट चालेल.