वाचकांचे प्रश्न : मॉनिटरशिवाय चालणारा रास्पबेरी पाय

प्रश्न : पॉलिहाऊसमधील तापमान आणि आर्द्रता यांची नोंद ठेवण्यासाठी मी रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा छोटा संगणक-बोर्ड घेतला आहे. त्याला जोडता येईल असा मॉनिटर किंवा कीबोर्ड माझ्याकडे नाही. एका जुन्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मेमरी कार्डावर एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे बोर्डात प्रवेश करण्याची सोय) नावाची रिकामी फाइल आणि वायफायच्या माहितीची डब्ल्यूपीए सप्लिकंट ही फाइल ठेवली. बोर्डावरचा हिरवा दिवा लुकलुकतो, परंतु राउटरच्या यादीत बोर्ड दिसत नाही. कार्डात दोष असावा का? (एक वाचक, जि. सातारा)

उत्तर : दिवा लुकलुकतो आहे त्या अर्थी बोर्ड कार्ड वाचतो आहे, त्यामुळे कार्ड बदलण्याची घाई करू नये. आपण सांगितलेली पद्धत एके काळी बिनचूक होती. मात्र मधल्या काळात रास्पबेरी पायच्या प्रणालीत (ऑपरेटिंग सिस्टिममध्ये) दोन मोठे बदल झाले आणि जुन्या पुस्तिकांत त्यांचा उल्लेख नसल्यामुळे अनेकांची अशीच अडचण होते.

पहिला बदल एप्रिल २०२२ मधला. तोपर्यंत प्रत्येक इमेजमध्ये (कार्डावर लिहायच्या प्रणालीच्या तयार प्रतीत) ‘पाय’ हे वापरकर्त्याचे नाव आणि ‘रास्पबेरी’ हा पासवर्ड आधीच ठरलेला असे. ही जोडी साऱ्या जगाला ठाऊक असल्यामुळे ती काढून टाकण्यात आली, आणि ते योग्यच झाले. परिणाम असा की नवी इमेज पहिल्यांदा सुरू झाली की वापरकर्ता तयार करण्याचा प्रश्न पडद्यावर दाखवून उत्तराची वाट पाहत थांबते. पडदाच नसेल तर ते उत्तर कार्डावर आधीच लिहून ठेवलेले असावे लागते. दुसरा बदल ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या बुकवर्म आवृत्तीतला. तिच्यापासून वायफायचा कारभार नेटवर्कमॅनेजर या वेगळ्या प्रोग्रॅमकडे गेला, आणि बूट विभागात (कार्डाच्या सुरुवातीला वाचल्या जाणाऱ्या छोट्या भागात) ठेवलेली डब्ल्यूपीए सप्लिकंटची फाइल वाचली जाणे बंद झाले. ती फाइल तिथे असली तरी कोणतीही चूक दाखवली जात नाही. ती नुसती दुर्लक्षिली जाते, आणि म्हणूनच दोष कुठे आहे हे लक्षात येत नाही.

आपल्या बोर्डाला लॅन केबलचे पोर्ट नाही, तेव्हा सारा भरवसा वायफायवर आहे. म्हणून माझा सल्ला असा की रास्पबेरी पायचा अधिकृत इमेजर (कार्डावर इमेज लिहिणारा प्रोग्रॅम) संगणकावर घेऊन कार्ड नव्याने लिहावे. प्रणाली निवडताना डेस्कटॉप नसलेली ‘लाइट’ आवृत्ती घ्यावी, कारण आपल्या बोर्डाची मेमरी ५१२ एमबी आहे आणि तापमानाच्या नोंदीसाठी डेस्कटॉपची काहीच गरज नाही. लिहिण्यापूर्वी इमेजर सेटिंग बदलण्याची सोय देतो, तिथे बोर्डाचे नाव, वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड, वायफायचे नाव व पासवर्ड, वायफायचा देश भारत आणि वेळेसाठी आशिया/कोलकाता ही माहिती भरावी. एसएसएच हे २०१६ च्या अखेरीपासून मूळ इमेजमध्ये बंद ठेवलेले असते, त्यामुळे तेही इथेच सुरू करावे. बोर्ड शेतावर दिवसरात्र सुरू राहणार असल्याने शक्य असेल तर पासवर्डऐवजी सार्वजनिक किल्लीने (आपल्या संगणकावर तयार केलेल्या किल्ल्यांच्या जोडीने) लॉगिन हा पर्याय निवडावा.

वायफायबाबत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. झिरो २ डब्ल्यू केवळ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. राउटरवर दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावे दिलेली असतील आणि आपण ५ गिगाहर्ट्झचे नाव भरले असेल, तर बाकी सर्व अचूक असूनही बोर्ड जोडला जाणार नाही. नावातील लहान-मोठी इंग्रजी अक्षरेही तंतोतंत जुळली पाहिजेत.

कार्ड लिहून झाल्यावर ते विंडोजच्या संगणकात पुन्हा घातले तर ‘बूटएफएस’ नावाचा छोटा ड्राइव्ह दिसतो आणि त्याच वेळी दुसरा विभाग फॉरमॅट करण्याची सूचना येते. ती रद्दच करावी. तो लिनक्सचा विभाग आहे, विंडोजला तो वाचता येत नाही इतकेच.

याच छोट्या ड्राइव्हमध्ये दोष शोधण्याची एक उत्तम खूण आहे. आपण ठेवलेली एसएसएचची रिकामी फाइल बोर्ड पहिल्या सुरुवातीत वाचतो, सेवा चालू करतो आणि मग ती फाइल स्वतःच पुसून टाकतो. म्हणून बोर्डाला काही मिनिटे वीज देऊन, मग ती बंद करून कार्ड संगणकात पाहावे. फाइल तशीच असेल तर बोर्ड त्या टप्प्यापर्यंत पोहोचलाच नाही, म्हणजे वीजपुरवठा किंवा कार्ड तपासावे. आपल्या बोर्डासाठी ५ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा सुचवलेला आहे आणि मोबाइलच्या जुन्या चार्जरची बारीक केबल इथे पुष्कळदा कमी पडते. फाइल नाहीशी झालेली असेल तर प्रणाली नीट सुरू झाली आहे आणि दोष वायफायच्या माहितीत आहे. मी या खुणेला सर्वांत अधिक महत्त्व देतो, कारण पडदा नसताना बोर्ड आतून काय करतो आहे हे सांगणारी दुसरी सोपी खूण नाही.

पहिल्या सुरुवातीला प्रणाली कार्डभर पसरते आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो, तेव्हा तेवढा वेळ द्यावा. त्यानंतर बोर्डाला दिलेल्या नावापुढे ‘डॉट लोकल’ जोडून एसएसएचने प्रवेश करता येईल. त्या नावाने सापडला नाही तर राउटरच्या यादीतला आयपी पत्ता वापरावा. त्याच नावाने पूर्वी कधी जोडणी केली असेल तर ‘यजमानाची ओळख बदलली आहे’ असा इशारा येईल. कार्ड आपणच नव्याने लिहिलेले असल्याने संगणकातील जुनी नोंद काढून पुढे जावे.

प्रश्न : शाळेच्या प्रयोगशाळेत पाच बोर्ड बसवायचे आहेत. एक कार्ड पूर्ण तयार करून त्याच्या चार प्रती काढल्या तर चालेल का? (एक शिक्षिका, नागपूर)

उत्तर : चालू होतील, परंतु तसे करू नये. सुरू झालेल्या कार्डाची प्रत काढली की बोर्डाचे नाव, यंत्राची ओळख आणि एसएसएचच्या गुप्त किल्ल्या पाचही कार्डांवर एकच राहतात, आणि एक कार्ड हरवले तर उरलेल्या चार बोर्डांच्या किल्ल्याही त्यासोबत जातात. मूळ इमेज प्रत्येक कार्डावर स्वतंत्र लिहावी. इमेजर आधीची सेटिंग लक्षात ठेवू शकतो, त्यामुळे दर वेळी फक्त बोर्डाचे नाव बदलावे लागेल आणि किल्ल्या प्रत्येक बोर्ड पहिल्या सुरुवातीत स्वतःच्या तयार करील. लागणारी सॉफ्टवेअर नंतर एकाच स्क्रिप्टने पाचही ठिकाणी बसवावीत.